जुवाची गिटार

मला लातुरात खोली मिळाली ती मी घोरत नाही म्हणून. निदान मालकांचा तसा समज झाला म्हणून. जिल्हा नवा झाला होता, जिल्ह्यामागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून आमच्यासारखे कारकून आले, आणि गावात रिकामी खोली शोधून सापडत नव्हती. मी नांदेडचा. वळकटी काखेत मारून दारोदार फिरत गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडतीवर पोचलो. गादीवर बसलेल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या गृहस्थांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. विचारलं, "घोरता का?"

"नाही," मी म्हणालो.

"एकटं झोपणाऱ्याला कसं कळंल ते? बरं, आऽऽ म्हणा. लांब म्हणा."

भर बाजारात, हमाल पोती उतरवत असताना, मी तोंड उघडून आऽऽ म्हणालो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मुनिमाला म्हणाले, "सरळ हाय. किल्ली द्या."

सगळी गल्ली त्यांना मालक म्हणायची, मीही म्हणू लागलो. डोळे, नाक ही इंद्रियं देवानं त्यांना उगीच शोभेला दिली होती. त्यांचा सगळा कारभार कानावर चालायचा. घागर, खांब, कलिंगड, दाराची फळी, जे दिसेल त्यावर टिचकी मारून ते कान लावायचे. चहाचा कप आला की आधी टिचकी, मग घोट. माझ्या कचेरीत एकदा आले तर साहेबांच्या नव्या टेबलावर वाकून टकटक करत बसले आणि साहेबांच्या देखत म्हणाले, "आत भुसा हाय." नंतर आठवडाभर साहेब माझ्याशी नीट बोलले नाहीत.

"तोंड खोटं बोलतं, आवाज न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. गंजात त्या काळी रुमालाखाली सौदे व्हायचे. खरेदीदार आणि आडत्या रुमालाखाली हात घालून बोटांनीच भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघायचा. मालकांना ते खपत नसे. त्यांनी आपल्या आडतीवर मोठ्यानं भाव पुकारायला सुरुवात केली. इतर व्यापारी चिडले, भावकीतल्यांनी समजावलं. मालकांनी एकच उत्तर दिलं, "मुका सौदा आपल्याच्यानं होत न्हाई." तुरीच्या हंगामात त्यांचा आवाज गंजाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा.

त्यांचा कान दर वेळी बरोबरच असायचा असं मात्र नाही. जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, पावसानं दगा दिला आणि मी टंचाई शाखेत जाऊन पडलो. म्हणजे सकाळपासून टँकर मोजायचे आणि शिव्या खायच्या. एक दिवस आमच्या गल्लीत टँकर आला. मालकांनी त्याच्या पोटावर टिचकी मारली, कान लावला आणि जाहीर केलं, "अर्धा हाय. ड्रायव्हर लबाड बोलायलाय." बायका ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेल्या. बिचाऱ्यानं आपली बाजू दाखवायला वरचं झाकण काढून मागची तोटी फर्रकन सोडली. टँकर काठोकाठ भरलेला होता. रस्त्यावर वाहून चाललेलं पाणी बघून त्याच बायकांनी मालकांना जे काही ऐकवलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. मालकांनी ते उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ती निळ्या लुगड्याची बाई लई सुरात भांडती."

अशा माणसाच्या घरात एक आवाज बंद पडला होता.

मालकांचे वडील, बाबा, मूळचे देवणीकडचे. देवणी बैलांची जोडी त्यांनी वासरापासून वाढवली होती, चांद्या आणि हौश्या. बहात्तरच्या दुष्काळात कडब्याची काडी मिळेना तेव्हा बाबांनी गाडी जुंपून जोडी उदगीरच्या बाजारात नेली. मालक बरोबर होते. गाडी विकली, बैल विकले. हौश्या मुकाट्यानं ट्रकमध्ये चढला. चांद्यानं मान वळवली आणि जो हंबरडा फोडला तो ट्रक रेल्वेच्या फाटकापलीकडं जाईपर्यंत थांबला नाही. गाडी घेणारा जू मागत होता, ते बाबांनी दिलं नाही. खांद्यावर जू टाकून ते गावापर्यंत चालत आले. पुढं शेत बटईनं लावून मुलाकडं लातूरला राहायला आले तेव्हाही सामानात तेवढंच एक मोठं लाकूड होतं.

हे मला काकूंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीनं सांगितलं. बाबांनी कधीच नाही. ते जू सोप्यातल्या भिंतीला दोन खुंट्यांवर टांगलेलं असे. दर पोळ्याला बाबा ते उतरवून पुसायचे, करडीच्या तेलात हळद कालवून दोन्ही टोकांपर्यंत चोळायचे आणि परत टांगायचे. पण बैलांचं नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. रस्त्यावर एखादा बैल हंबरला तर ते हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायचे. तसे ते हसायचे, खायचे, माझ्याशी सोंगट्या खेळताना बेधडक खोटं दान सांगायचे. तेवढ्या एका बाबतीत मात्र त्यांचं तोंड शिवलेलं होतं.

"तो आवाज म्हाताऱ्याच्या पोटात बसलाय," मालक मला म्हणायचे, "आन् माझ्या कानात. दोघंबी त्याच्या खाली दबून राहिलो. एकदा भाईर आला पायजे."

तो बाहेर काढण्यासाठी त्यांनी काय काय केलं. भजनी मंडळाच्या पेटीवर वाजवून पाहिला. "पेटीला मान वळवता येत न्हाई," म्हणून ती सोडली. सनईवाल्याला घरी बोलावून तासभर हंबरायला लावलं, तो पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही. मग एका वर्षी गणपतीत नांदेडचा ऑर्केस्ट्रा आला. आमचंच गाव म्हणून मी मालकांना ऐकायला घेऊन गेलो. गाणं रंगात आलं असताना गिटारवाला वाजवता वाजवता कर्ण्यापाशी सरकला आणि गिटारीतून एक लांबलचक आवाज कोकलत निघाला. तो थांबेचना, उलट वाढतच गेला. लोकांनी कानांवर हात घेतले, माइकवाला धावला. मालक मात्र खुर्चीवर उभे राहिले होते. मागचे लोक "बसा, बसा" म्हणून ओरडत होते आणि ते माझा खांदा दाबत म्हणत होते, "ह्योच. सायब, ह्योच."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर जाऊन त्यांनी त्या गिटारवाल्याला उठवलं. त्याला वाटलं रसिक आला. मालक म्हणाले, "गाणी ऱ्हाऊ द्या. काल ते बिघडलं कसं, तेवढं शिकवा." पोरगा भला होता. त्यानं समजावलं की कर्ण्यातून निघालेला आवाज तारेला हलवतो, तार हलली की आवाज पुन्हा कर्ण्यात जातो, असा तो फिरत राहतो. मालकांनी थोडा विचार केला. "म्हंजे आवाज सोताला ऐकूनच मोठा होतो," ते म्हणाले. घरी येईपर्यंत ते त्याच वाक्यावर खूश होते.

तयार गिटार आणायचा विषयच नव्हता. ती माणसांच्या गाण्यांसाठी केलेली असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुताराला समोर बसवून स्वतःची करायला घेतली. आधी सागवानी फळीची केली, तिला ते "पत्र्याचा डबा" म्हणाले. मग शेतातल्या उभ्या वाळलेल्या आंब्याची केली. ती बरी होती, पण त्यात ते नव्हतं. तारांखाली बसवायच्या लोहचुंबकाच्या गुंडाळीला लागणारी केसासारखी बारीक तार त्यांनी भंगारातल्या टेलिफोनच्या घंटीतून उलगडून काढली. कर्णा नव्हता म्हणून घरातल्या जुन्या रेडिओच्या पाठीत वायर खुपसली. काकूंच्या बातम्या आणि भजनं बंद झाली ती कायमची. आणि मग एका सकाळी दात घासता घासता मालक भिंतीवरच्या जुवासमोर थांबले आणि त्यांनी त्यावर टिचकी मारली.

आमच्याकडं जू तोडत नाहीत, जाळत नाहीत. मोडकं झालं तरी गोठ्याच्या आढ्याला ठेवतात. जू जाळणाऱ्याचा जीव मरताना अडकतो म्हणतात, तो सुटेनासा झाला की उशाला जू आणून ठेवतात. हे मालकांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, की तो आवाज रोज ऐकलेलं लाकूड घरात हे एकच आहे.

त्यांनी बाबांना विचारलं. बाबा सोंगट्या मांडू लागले. चार दिवसांनी जेवताना परत विचारलं. बाबांनी आमटी मागितली. मग एका दुपारी मी सुट्टीचा म्हणून घरीच होतो, मालकांनी सरळ समोर बसून विचारलं, "बाबा, जू घेऊ का? चांद्याची बाजू तेवढी." बाबा उठले. भिंतीवरून जू काढलं, मुलाच्या पुढ्यात ठेवलं आणि चपला घालून महादेवाच्या देवळात जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"हाव म्हणाले का रागावले हो?" काकूंनी मला विचारलं. मला कळलं नव्हतं. मालकांना आवाजावरून सगळं कळायचं, पण आवाजच निघाला नव्हता, त्यामुळं त्यांनाही कळलं नव्हतं. ते दोन दिवस जुवासमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझं पाप मला लागंल," आणि करवत आणायला सांगितली.

गंजात चार सुतार होते. एकानंही जुवाला करवत लावली नाही. एक म्हणाला, "मालक, तुमच्या घरच्या दारखिडक्या फुकट करून देतो, पण हे सांगू नका." म्हणून ज्यांनी जन्मात पेन्सिलीला टोक काढलं नव्हतं त्या मालकांनी ते जू मधोमध स्वतः कापलं. एक दिवस पुरला नाही. डाव्या हाताचा अंगठा मात्र पुरता सोलून निघाला. हौश्याकडचं अर्धं त्यांनी पुसून भिंतीला परत लावलं. चांद्याकडच्या अर्ध्याची गिटार झाली. ते लाकूड टोकापासून बुडापर्यंत सलग ठेवून दोन्ही अंगांना आंब्याच्या फळ्या चिकटवल्या. जुवाला शिवळा घालायची भोकं असतात, बैलाची मान ज्या दांड्यांमध्ये अडकते त्या शिवळा. टोकाच्या भोकाशी तारांच्या खुंट्या बसवल्या, आतल्या भोकातून वायर ओवली. बोटं दाबायचे पडदे सायकलच्या आऱ्यांचे. तारा हैदराबादहून आणल्या, पण चारच लावल्या. मी म्हटलं, गिटारीला सहा असतात. "बैलाला पाय चारच असत्यात," ते म्हणाले.

आणि एवढं करून ती बोलेना. तार छेडली की आवाज निघायचा आणि तिथंच बसायचा. मालकांनी नख मारलं, हुंगलं, जिभेला लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं पोळ्याला पाजलेलं करडीचं तेल लाकडाच्या पार गाभ्यापर्यंत मुरलेलं होतं. बाबांच्या हातचं प्रेम होतं ते, आणि त्यानंच लाकूड मुकं झालं होतं. त्या नांदेडच्या पोरानं सांगितलं असतं, वेगळं लाकूड घ्या. पण गिटारीच्या लाकडाला तेल पाजणारी माणसं त्याला कुठं भेटली होती?

तारा उतरवून मालकांनी ती पत्र्यावर उन्हात ठेवली. फाल्गुनापासून. रोज सकाळी वर चढायचे, लाकडाला सुटलेलं तेल फडक्यानं टिपायचे, बाजू बदलायचे. घरात कोणी तेलकट हातानं तिच्याजवळ जायचं नाही, असा हुकूम. काकू भजी तळत असल्या की ते शिडीच्या पायथ्याशी पहारा द्यायचे. सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसलेलं आणि हा एकटा माणूस ऊन मोजत होता. "असं कडक ऊन पुन्हा मिळायचं न्हाई," असं ते एकदा आडतीवर बोलून गेले. समोर पेरणीच्या चिंतेतले शेतकरी बसलेले. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "मालक, तुमचं सुकंना म्हणून आमचं वाळवायलाव का?" मालकांना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी भाव पुकारला नाही.

मिरगात एका दुपारी ढग दाटून आले. माणसं घराबाहेर आली, कोणी हंडे मांडले. मालक शिडीवरून वर धावले आणि मी त्यांच्यामागं. गिटार उचलून छातीशी धरली आणि तसेच पत्र्यावर उभे राहिले. खाली न्यावी तर पाऊस नको म्हटल्यासारखं होईल, ठेवावी तर सगळी मेहनत पाण्यात. शेवटी त्यांनी ती परत खाली ठेवली, उघड्यावर, आणि हात जोडले. "पड बाबा," ते आभाळाला म्हणाले, "हिचं बघू." मला हा माणूस तेव्हा फार मोठा वाटला. आजही वाटतो. ढग तसेच औशाकडं निघून गेले.

आषाढात गिटार खाली आली. रंग पार उतरलेला, वजन निम्मं झालेलं. तारा चढवल्या, रेडिओ तापला, मालकांनी जाड तार छेडली आणि आवाज निघाला तो थांबलाच नाही. मांडणीवरच्या ताटल्या वाजू लागल्या. काकू म्हणाल्या, "गिरणीचा पट्टा सुटल्यावानी वाटतंय." मालकांनी तेवढ्याही कौतुकाला मान लववली. पुढं रोज दुपारी लाइट असेल तेव्हा सराव. रेडिओच्या जवळ जा, लांब जा, बटण पिळा, तार ओढा. सराव सुरू झाला की बाबा चपला घालून देवळात जायचे. ते का जातात, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मालकांचा अंगठा बरा झाला होता, पण हे दुखणं गेलेलं नव्हतं. "म्हातारा मरताना मला काय म्हनंल?" असं ते एकदा मला म्हणाले आणि लगेच दुसरं काही बोलू लागले.

पोळा आला. दुष्काळातला पोळा. गल्लीतून एरवी पन्नास जोड्या जायच्या, तिथं दोन-तीन गेल्या, त्याही बरगड्या मोजाव्यात अशा. दुपारी बाबांनी नेहमीसारखी वाटीत करडी घेतली, हळद कालवली आणि भिंतीपाशी जाऊन हौश्याकडच्या अर्ध्याला तेल लावू लागले. जिथं जू कापलं होतं तिथं त्यांचा हात यायचा आणि थांबायचा.

मालक आतून गिटार घेऊन आले. त्यांनी वायर जोडली. बहुधा ठरवून आले नसावेत. जाड तार छेडली आणि रेडिओकडं सरकले. आवाज आधी बारीक निघाला, मग फुगत गेला, घर भरून गेला. काकू पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बाबांची पाठ आमच्याकडं होती. मला वाटलं, आता वाटी खाली ठेवतील आणि चपला शोधतील.

त्यांनी वाटी खाली ठेवली नाही. ते वळले, रेडिओपाशी आले आणि बटण स्वतःच्या हातानं बंद केलं.

"चांद्या न्हाई हा," ते म्हणाले.

काकू होत्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"चांद्या असा एकदम वरडत न्हवता. आदी दम घ्यायचा, नाकातून. मग खालून उचलायचा. आन् शेवटाला मोडायचा." एवढं सांगून त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं. त्यांनी मान डावीकडं वळवली, हनुवटी वर केली आणि हंबरले. ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या छातीतून तो आवाज कसा निघाला, मला ठाऊक नाही. आधी खरंच दम घेतला, मग खालून उचलला, आणि शेवटी तो मोडला तेव्हा बाबांचे डोळे वाहत होते.

मालक एरवी ऐकताना डोळे मिटायचे. त्या दिवशी उघडे ठेवले होते आणि पोरासारखे रडत होते. "परत एकदा करा, बाबा," ते म्हणाले.

"आता न्हाई होत." बाबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि गिटारीकडं पाहिलं. "हिचा बी वाईट न्हाई. शिकंल हळूहळू."

मग ते वाटी घेऊन पुढं आले. मी घाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, कारण एका उन्हाळ्याचं तेल काय भावानं निघालं होतं ते मी पाहिलं होतं. मालकांनी मला हातानं गप्प केलं. गळ्यातला पट्टा काढून त्यांनी गिटार दोन्ही हातांवर आडवी धरली. बाबांनी चार बोटं तेलात बुडवली आणि खुंट्यांपासून खालपर्यंत ओढली, तारांवरून, पडद्यांवरून, बैलाच्या मानेवरून फिरवावीत तशी. तेल ओघळून गुंडाळीत गेलं. बाबा थांबून मुलाकडं बघू लागले.

"भोकात बी लावा, बाबा," मालक म्हणाले. "न्हाईतर चीर जाईल."